टोकाच्या खाटेजवळचे स्टूल

"आधी बस, पोरी. मग विचार. उभ्याने विचारलंस तर माणूस उभ्याउभ्याच उत्तर देतो."

हा आवाज मोठ्या सिस्टरांचा. त्यांना निवृत्त होऊन बराच काळ लोटला. तरीही वॉर्डचे दार वाजले की मला वाटते, त्याच आल्या. आता मला एका हाताने उचलतील, कुणाच्या तरी उशाशी ठेवतील आणि पाठ टेकायला काही नसतानाही ऐसपैस बसतील. पण त्या येत नाहीत. दार उघडते, कुणीतरी घाईघाईने आत शिरते आणि माझ्या बाजूने निघून जाते.

मी एक जुने स्टूल आहे, मित्रांनो. लोखंडी चार पाय, वर लाकडाची गोल फळी, आणि त्या फळीवर एके काळी पांढरा असलेला रंग. देवाने मला पाय दिले, पण चाल दिली नाही. कुणी उचलले तर मी जाते, ठेवले तर राहते. त्यामुळे जे काही पाहिले, ते एका जागी राहून पाहिले. आणि बसणाऱ्या माणसाच्या उंचीवरून पाहिले. त्या उंचीवरून जग वेगळे दिसते, एवढे मात्र मी तुम्हाला खात्रीने सांगते.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. मला जोडणारा वेल्डर प्रत्येक नव्या स्टुलावर स्वतः उभा राहून दोन उड्या मारायचा. मालक हसायचा. "अरे, बसायचं आहे त्याच्यावर, नाचायचं नाही!" वेल्डर म्हणायचा, "शेठ, दवाखान्यात चाललंय हे. तिथे बसणाऱ्याचे पाय आधीच गळलेले असतात. निदान आपले तरी मजबूत असावेत." मग त्याने माझ्या पायांत काळे रबरी बूट घातले आणि मला टेम्पोत चढवले.

आमचा वॉर्ड म्हणजे एक लांबलचक खोली. दोन्ही बाजूंना खाटा. दाराजवळ सिस्टरांचे टेबल. अगदी दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली, एक खाट एकटीच. तिला सगळे टोकाची खाट म्हणत.

मोठ्या सिस्टरांचा एक नेम होता. दुपारची औषधे वाटून झाली, की काम दुसरीच्या हाती सोपवण्याआधी त्या मला उचलत आणि त्या दिवशी सर्वांत कमी बोललेल्या माणसाजवळ जाऊन बसत. फार वेळ नाही. चहा निवेल इतकाच. पण एकही दिवस चुकला नाही. अंगात ताप असतानाही त्या बसलेल्या मला आठवतात. त्यांच्या अंगाची ऊब फळीतून माझ्या पायांपर्यंत उतरत होती.

त्या वेळी वॉर्डात एक धाकटी सिस्टर नव्यानेच आली होती. ती चिडून म्हणाली, "सिस्टर, जे हाका मारतात त्यांचंच करून पुरं होत नाही. जे काही मागतच नाहीत, त्यांच्याकडे कुठे बघू?"

"ओरडणाऱ्याकडे पाय आपोआप वळतात गं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "न बोलणाऱ्याकडे ते वळवावे लागतात. म्हणून तर नेम करायचा."

त्या बसत, आणि बसल्या की त्यांना उभ्याने न दिसणाऱ्या गोष्टी दिसत. बोटातली अंगठी सैल झाली म्हणून तिला दोरा गुंडाळलेला. ताट झाकलेले, तसेच परत चाललेले. मागच्या वेळी "घरी कधी सोडणार?" म्हणून पिच्छा पुरवणारा माणूस आता तो प्रश्नच विचारत नाही. बरा होऊन गेलेला पुन्हा आला, आणि येताना दर वेळी तब्येतीची एक पायरी खाली उतरूनच आला.

मित्रांनो, काही दुखणी बरी होतात आणि काही होत नाहीत. पण बऱ्या न होणाऱ्या दुखण्यातही वेदना कमी करता येतात. धाप शांत करता येते. मनातली भीती बोलून दाखवता येते. त्यासाठी वेगळे शिकलेली माणसे असतात. त्या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर, जिन्याखालच्या लहान खोलीत, अशा एक डॉक्टरीणबाई बसत. पण त्या खोलीपर्यंत रोगी आपण होऊन कसा पोचणार? त्याला ओळखावे लागते. आणि ओळखणार ती, जी रोज त्याचे अंथरूण बदलते, त्याला कुशीवर वळवते, त्याचा परत गेलेला घास बघते.

मोठ्या सिस्टर धाकटीला सांगत, "बसलीस की मनाला एकच विचारायचं. हा माणूस वर्षभरात गेला, तर मला धक्का बसेल का? मन जर म्हणालं, नाही बसणार, तर उठायचं आणि तडक डॉक्टरांशी बोलायचं."

धाकटी शहारली. "असं मनात आणणं पाप नाही का?"

"आपण मनात आणलं नाही म्हणून मरण काही वाट चुकत नाही, बाळा. त्या माणसाला तेवढा त्रास एकट्याने काढावा लागतो, इतकंच."

ते माझे सुखाचे दिवस होते. कितीजण माझ्या शेजारी मन मोकळे करून, दुखणे हलके करून घेऊन, आपल्या माणसांत परत गेले. एक म्हातारी आजी तर जाताना माझ्या फळीवर थोपटून म्हणाली, "हे स्टूल बाई फार चांगलं. याच्यावर बसलेल्याशी खोटं बोलवत नाही." मला कुणी सोन्याने मढवले असते तरी इतका आनंद झाला नसता.

मग मोठ्या सिस्टर गेल्या. जाताना धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सगळं विसरलीस तरी चालेल. नेम तेवढा सोडू नकोस."

काळ बदलला. खाटांमध्ये नव्या खाटा घुसल्या. चाकांच्या ट्रॉल्या आल्या आणि आम्ही स्टुले वाटेत यायला लागलो. माझ्या सोबतची बरीचशी भंगारात गेली. एकदा ट्रॉलीची धडक बसून माझ्या एका पायातला रबरी बूट निघाला, तो कुठे गेला कुणास ठाऊक. तेव्हापासून मला सरकवले की मी किंचाळायला लागले. वॉर्ड झाडणाऱ्या मावशी कानांवर हात ठेवत. "मेलं, काटा रुतल्यासारखं कोकलतंय! आणि उभं कुठे, तर नेमकं वाटेत!" पुढे त्यांनी मला मोरीच्या दाराशी नेले आणि माझ्यावर बादली ठेवली. पंखा पुसायचा असला की कुणीतरी माझ्यावर चढे. बसत मात्र कुणी नव्हते.

धाकटी सिस्टर आता काही धाकटी राहिली नव्हती. केसांत पांढरे आले होते. नाव मात्र तेच चिकटले. दोघींचे काम तिच्या एकटीवर पडू लागले होते. नेम मोडतो, मित्रांनो, तो काही मोठ्या संकटाने मोडत नाही. "आज जरा राहू दे" एवढ्यानेच मोडतो. एक दिवस तिने हातातली गडबड पाहिली आणि मनाशी म्हणाली, उद्या बसेन. दुसऱ्या दिवशीही तेच. मग बादलीखालून मी तिची पावले ऐकत राहिले. धावणारी पावले.

आणि त्या वॉर्डात सुतारकाका आले.

ते पहिल्यांदा आले, तेव्हा स्वतःच्या पायांनी आले. जन्मभर लाकडाचा भुसा छातीत गेला होता आणि फुफ्फुसे पार झिजली होती. आठवडाभर औषधे घेतली आणि गेले. काही महिन्यांनी परत आले, तेव्हा चाकाच्या खुर्चीतून. मग पुन्हा आले, तेव्हा धाप इतकी लागली होती की त्यांना मशीनच्या खोलीत न्यावे लागले. तिथून वाचले आणि घरी गेले. आणि आता चौथ्यांदा परत आले होते. दर वेळी एक पायरी खाली उतरून.

पण सुतारकाका कधी घंटी वाजवत नसत. पाणी मागत नसत. डॉक्टरांनी विचारले, "काका, कसं वाटतंय?" की म्हणत, "मजेत!" डॉक्टर म्हणत, "छान," आणि पुढे जात.

आमच्या वॉर्डात एक रीत पडून गेली होती. जो त्रास देत नाही, त्याला टोकाची खाट. टेबलाजवळच्या खाटा ओरडणाऱ्यांना, सारखे बघावे लागणाऱ्यांना. धाकटी सिस्टरच म्हणाली होती, "काका शहाणे आहेत. त्यांना खिडकीशी द्या, हवा तरी मिळेल." तिला वाटले, आपण भलेच करतो आहोत. अशा रीतीने वॉर्डातला सर्वांत आजारी माणूस सगळ्यांच्या नजरेपासून सर्वांत दूर गेला.

एका दुपारी त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितले. "सिस्टरबाई, ती वरची झडप उघडता येईल का? हवा येत नाही."

खिडकीची वरची झडप उंच होती. सिस्टरने मोरीपाशी येऊन बादली उतरवली, मला ओढत नेले आणि माझ्यावर चढली. मी किंचाळले. काकांनी डोळे उघडले.

"अगं अगं, उतर खाली! तीन पायांवर उभं आहे ते."

"चार आहेत, काका."

"चार दिसतात." ते थांबले, श्वास गोळा केला. "चौथा नुसती हजेरी लावतोय."

ती हसली. झडप उघडून खाली उतरली आणि निघालीच होती, तेवढ्यात काका म्हणाले, "बस त्याच्यावर. पूर्ण भार टाकून बस. कुठला पाय हलका आहे ते बघू दे मला."

आणि ती बसली. कितीतरी काळाने माझ्यावर कुणीतरी बसले, आणि तेही फक्त माझा पाय तपासायचा म्हणून.

बसल्यावर तिची नजर काकांच्या नजरेसमोर आली, आणि मला तिच्या अंगातली घाई हळूहळू थांबलेली जाणवली. काकांची दाढी एकाच गालाची झाली होती. मनगटावरचे घड्याळ कोपरापर्यंत सरकत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून ते पुढे वाकून बसले होते आणि प्रत्येक श्वासाला खांदे वर ओढावे लागत होते. तीन शब्द, मग श्वास. आणखी दोन शब्द, मग श्वास. उशाशी दुपारचे ताट, झाकलेले, तसेच.

"काका, दाढी अर्धीच?"

"मध्येच दम संपला. म्हटलं, उरलेली उद्या. तू या बाजूने बघ... या बाजूने तरुण आहे मी."

"मग डॉक्टरांना मजेत का सांगता?"

"ते उभे असतात गं. त्यांच्या मागे आणखी चारजण उभे. इतकी माणसं ताटकळत असताना... रडगाणं कुठे गायचं? मजेत म्हटलं की सुटतात बिचारे."

त्यांनी वाकून माझ्या उघड्या पायावर अंगठा फिरवला. मग म्हणाले, "हे कोकलतंय ना, म्हणजे ठीक आहे. कोकलणाऱ्या लाकडाची सुताराला भीती नाही. जी फळी आवाजच करत नाही... ती आधी ठोकून बघायची. वाळवी आतून खाते. वरचं पॉलिश तसंच."

 सिस्टरचे दोन्ही हात माझ्या फळीची कड घट्ट धरून होते.

"मी यातून उठतो का गं?" काकांनी अगदी हळू विचारले.

मला मोठ्या सिस्टर आठवल्या. सिस्टरलाही आठवल्या असाव्यात. कारण तिने "उठाल हो, काका" असे म्हटले नाही. ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

"नाही उठत." त्यांनी खांदे वर ओढून एक श्वास घेतला. "त्याचं काही नाही. पण मागच्या वेळी त्या मशीनच्या खोलीत... तोंडात नळी. आणि आमची ही बाहेर, काचेपलीकडे. दिवसभर हात हलवत होती. मला शब्द बोलता येईना. तसं मरण नको गं. घरी माझी खुर्ची आहे. माझ्या हातची. आडवं होता येत नाही आता, तिच्यातच झोपतो. तिथे बसून जाऊ दे. आमच्या हिच्याशी बोलत."

"काकूंना हे सांगितलंत?"

"वेडी का काय? खचेल ती."

सिस्टर उठली, मला उचलले आणि थेट बाहेरच्या व्हरांड्यात आली. काकू भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या, ओठांत काहीतरी पुटपुटत. सिस्टरने त्यांना माझ्यावर बसवले आणि स्वतः त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"काकू, काकांबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

काकूंचा पुटपुटाट थांबला. "सिस्टर, मला सगळं कळतं. घरी असताना मी त्यांचा श्वास ऐकत पडून असते. एक आला की दुसऱ्याची वाट बघते." त्यांनी सिस्टरचा हात धरला. "पण त्यांना सांगू नका हं. तुमच्या पाया पडते. ते खचतील."

एकाच दाराला दोघांनी दोन्ही बाजूंनी कडी घातली होती, मित्रांनो. आणि मधल्या अंधारात दोघेही एकटे बसले होते.

सिस्टर डॉक्टरांकडे गेली. मी तिच्या हातातच होते, मला खाली ठेवायचे तिला सुचले नव्हते. डॉक्टर भले माणूस होते. सकाळपासून त्यांनी काही खाल्लेले दिसत नव्हते.

"डॉक्टर, टोकाच्या खाटेवरचे काका. मला वाटतं, खालच्या डॉक्टरीणबाईंना बोलवायला हवं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "मलाही वाटतं, सिस्टर. मागच्या वेळीच वाटलं होतं. पण त्यांचं नाव काढलं की घरच्यांना वाटतं, डॉक्टरांनी हात वर केले. आता काही उरलं नाही."

"असं कसं उरलं नाही? धाप कमी करणं उरलंय. घर उरलंय. काकूंशी बोलणं उरलंय."

"उद्या मोठे सर येतील. त्यांच्या कानावर घालतो."

दुसऱ्या दिवशी मोठे सर आले नाहीत. त्याच दिवशी कुठेतरी मोठा अपघात झाला आणि वॉर्डात रक्ताळलेली माणसे ओळीने आली. डॉक्टर धावत होते. सिस्टर धावत होती. तिने धावता धावता विचारले. ते धावता धावता म्हणाले, "उद्या, सिस्टर. नक्की." टोकाच्या खाटेवर काका घरून मागवलेला रबराचा एक जाड तुकडा कानशीने घासत बसले होते. माझ्यासाठी बूट करत होते! कानस दोनदा फिरवायची आणि थांबायचे. पुन्हा दोनदा, पुन्हा थांबायचे. त्यांचे थांबणे दर वेळी लांबत होते. मला ओरडावेसे वाटत होते. पण मला ढकलल्याखेरीज माझ्या तोंडून आवाज निघत नाही.

जेवायच्या सुट्टीत सिस्टर न जेवताच जिना उतरून गेली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर थोडी आशा होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "बोलावणं डॉक्टरांकडून यायला हवं. पण तुम्ही ओळखलंय ना? मग मी येते. हातातली माणसं बघून झाली की उद्या दुपारी येतेच."

पण दुसऱ्या दिवशी सकाळीच काकांचा श्वास अडकला.

ओठ निळे पडले. डोळे पांढरे झाले. "मशीनच्या खोलीत हलवा!" कुणीतरी ओरडले आणि ट्रॉली गडगडत आली. काकू खाटेच्या कडेला माझ्यावर बसल्या होत्या, काकांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून. ट्रॉलीला वळायला जागा नव्हती. वाटेत मी होते.

"सिस्टर, ते स्टूल बाजूला घ्या!" डॉक्टर म्हणाले.

सिस्टरने प्राणवायूचा मास्क काकांच्या तोंडावर नीट बसवला.  "घेते, डॉक्टर. त्याआधी एकदा तुम्ही त्याच्यावर बसा. एकदाच. त्यांना विचारा."

ती वेळ बसायची नव्हती. सगळे तिच्याकडे पाहतच राहिले. डॉक्टरांनी काकांकडे पाहिले, मग मशीनच्या खोलीच्या काचेच्या दाराकडे. काकू उठून उभ्या राहिल्या, आणि डॉक्टर माझ्यावर बसले.

"काका. तुम्हाला काय हवंय?"

या वेळी काका "मजेत" म्हणाले नाहीत. त्यांनी मास्क थोडा उचलला. "नळी... नको. घर."

मग त्यांची घाबरी नजर काकूंकडे गेली, चोरी पकडल्यासारखी. काकू खाली वाकल्या. "मला माहीत आहे, अहो."

"तुला... माहीत होतं?"

"तुमच्या आधीपासून."

तशा श्वासातही काकांना हसू फुटले. ट्रॉली परत गेली.

डॉक्टरांनी निरोप धाडला आणि डॉक्टरीणबाई दुपारची वाट न बघता आल्या. त्यांनी धाप निववणारे औषध अगदी थोडे दिले, काकांच्या पाठीशी उशा लावल्या, चेहऱ्यावर वारा येईल असा लहान पंखा ठेवला. हळूहळू काकांचे खांदे खाली आले. कितीतरी दिवसांनी ते खांदे मी खाली आलेले पाहिले. डॉक्टर पंख्याच्या झुळकीत उभे होते. म्हणाले, "हे मागच्या वेळीच करता आलं असतं." डॉक्टरीणबाईंनी पंखा थोडा काकांकडे वळवला.

संध्याकाळपर्यंत काका झोपून उठले आणि काकूंशी बोलत राहिले. खुर्चीला पॉलिश करायचे राहिले आहे, असे काहीतरी. काकू रागावल्या, "तीस वर्षं ऐकतेय, पॉलिश करतो, पॉलिश करतो!" आणि मग दोघेही रडले. दुसऱ्या दिवशी त्यांना घरी न्यायचे ठरले. प्राणवायूचे नळकांडे, औषधे, गाडी, सगळ्याची तजवीज झाली.

सिस्टर घरी जाण्याआधी त्यांच्याजवळ येऊन बसली. काकांनी अर्धवट घासलेला रबराचा तुकडा दाखवला. "हा घरून पाठवतो. आणि एक वचन दे. या खाटेवर माझ्यामागून जो येईल आणि मजेत म्हणेल... त्याच्याजवळ पहिल्याच दिवशी बस."

"बसेन, काका."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी खाली येऊन उभी राहिली. काकूंनी काकांना धुतलेला सदरा घातला. म्हणाल्या, "घरी जाताना असं अर्ध्या दाढीने न्यायचं का तुम्हाला? शेजारी काय म्हणतील!" माझ्यावर बसून त्यांनी उरलेल्या गालाला साबण लावला. काका डोळे मिटून होते, चेहरा शांत. काकू हळूहळू वस्तरा फिरवत होत्या आणि घरी गेल्यावर खुर्ची कुठे ठेवायची ते सांगत होत्या. दाराजवळ, म्हणजे ऊन मिळेल. की खिडकीशी? अहो, दाराजवळ की खिडकीशी?

काकांनी उत्तर दिले नाही.

काकूंनी उरलेला गाल पूर्ण केला. मग चेहरा ओल्या फडक्याने पुसला. मग सिस्टरला हाक मारली.

गाडी रिकामी परत गेली.

त्या दिवशी सिस्टर मला घेऊन कोठीत गेली, दार लावले आणि माझ्यावर बसून रडली. असे रडणे मी पूर्वी ऐकले नव्हते. "तुम्ही तीन वेळा येऊन गेलात, काका," ती म्हणत होती, "तीन वेळा मी तुमच्या खाटेवरून गेले. निदान एक दिवस आधी... एक दिवस आधी बसले असते तर खुर्चीत गेला असतात." मला तिला सांगायचे होते की काचेपलीकडे हात हलवण्यापेक्षा हे बरेच बरे झाले. पण ते पुरेसे नव्हते, हे मलाही ठाऊक होते. माणसाला घरी जायचे होते आणि तो घरी गेला नाही. त्याची समजूत कुठल्या शब्दांनी घालणार?

काही दिवसांनी काकू आल्या. मावशींनी मला पुन्हा मोरीपाशी नेऊन ठेवले होते. त्या तिथे आल्या, माझ्यावरची बादली उतरवली, मला उलटे करून मांडीवर घेतले आणि पिशवीतून काळा रबरी बूट काढला. "उरलेली कड मी घासली," त्या माझ्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "त्यांच्याइतकी गोल नाही आली." त्यांनी बूट माझ्या पायात दाबून बसवला, मला सरळ केले आणि जमिनीवरून सरकवून पाहिले. मी किंचाळले नाही. काकूंनी माझ्यावर हात फिरवला आणि आल्या तशा निघून गेल्या.

मित्रांनो, माझे आता फार दिवस राहिले नाहीत. फळीला भेग पडली आहे. मला रंग लावा, सावलीत ठेवा, असे मी मागत नाही. तुमच्या घरीही एखादी खुर्ची, एखादे स्टूल असेल. आणि एखादे माणूस असेल, जे कधी काही मागत नाही. त्याच्या दारातून जाता जाता "बरं आहे ना?" असे विचारू नका. ते "हो" म्हणेल, आणि तुम्ही पुढे जाल. आत जा. बसा. आज राहू दे, असे म्हणू नका.

आज दुपारी टोकाच्या खाटेवर एक बाई आली आहे. चेहरा खिडकीकडे आहे. मावशी झाडता झाडता म्हणाल्या, "ही बाई शहाणी हो, सिस्टर. आल्यापासून हूं की चूं नाही. डॉक्टरांना म्हणाली, मजेत आहे."

टेबलाजवळच्या खाटेवरून कुणीतरी हाका मारते आहे. पलीकडे घंटी वाजते आहे. सिस्टरने दोन्हीकडे पाहिले, "आले, आले" म्हटले, मावशींना त्या बाजूला पाठवले. मग हातातला ट्रे टेबलावर ठेवला, मोरीपाशी आली आणि माझ्यावरची बादली खाली उतरवली.

आता तिने मला एका हाताने उचलले आहे, आणि ती दोन्ही बाजूंच्या खाटांमधून टोकाकडे निघाली आहे.